खोगिरावरची पाठ, खोगिराखालची पाठ

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’ लिहिताना वऱ्हाड सुभ्याच्या हकिकतीत चांद्याच्या गोंड राजाची नोंद केली आहे. राजाच्या पदरी १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेखही तिथेच येतो. शाळेत गोंडकाळ शिकवताना मी हे दोन आकडे फळ्यावर लिहायची आणि विचारायची, एका स्वारामागे चाळीस पायदळ कशासाठी? मोगलांच्या किंवा निजामशाहीच्या फौजेत असं प्रमाण दिसत नाही. अहेरीची मुलं हुशार. पुस्तक न उघडता सांगायची, “मॅडम, इथं घोडा पळन कुठं?”

उत्तर बरोबरच होतं, पण अर्धं. साग, येन आणि बांबूच्या दाट रानात घोडदौडीला जागा नव्हती हे खरं. उरलेलं अर्धं कारण माशीचं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत रानातल्या ओलीच्या भागात मोठी चावरी माशी येते आणि तिच्याबरोबर सर्रा हा रोग येतो. घोड्याला थांबून थांबून ताप चढतो, पाय सुजतात, खाणं चालू असूनही तो खंगतो आणि बहुधा दगावतो. ग्रिफिथ एव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या रक्तात या रोगाचा जंतू पाहिला. त्याआधी कितीतरी शतकं रानातल्या माणसांना एवढंच कळत होतं की पावसात घोडं इथं जगत नाही.

आणि तरीही घोडा इथल्या माणसांच्या मनात खोल रुतला आहे. गोंडांच्या देवांत कोडापेन आहे, घोड्याचा देव. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याची पूजा होत असल्याचं नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टिपून ठेवलं होतं. देवस्थानांपुढे मातीचे घोडे वाहिलेले मी लहानपणापासून बघत आले आहे. ज्या प्रदेशात जिवंत घोडा टिकवणं एवढं अवघड, तिथे तो देवाला द्यावा असं वाटणं मला फार समजण्यासारखं वाटतं.

आमच्या घरात मात्र खराखुरा घोडा होता, म्हणजे तट्टू. माझे आबाजी इंग्रजी अमदानीत सिरोंचा तहसिलीत रेव्हेन्यू इन्स्पेक्टर होते. लोक त्यांना आर. आय. साहेब म्हणत. पिकांची आणि बांधांची पाहणी करायला गावोगाव फिरायचं, त्यासाठी तट्टू ठेवणं भाग होतं. दौरा दिवाळीनंतर सुरू होऊन मृगाच्या आधी संपायचा. पावसाळाभर तट्टू घराच्या पडवीत धुराजवळ बांधलेलं असे. कडुलिंबाचा पाला आणि गोवऱ्या संध्याकाळपासून जळत ठेवायच्या, माशी दूर राहावी म्हणून. आजीला त्या धुराने खोकला व्हायचा, पण तिने तट्टू कधी बाहेर बांधू दिलं नाही.

आबाजींची कंबर तरुणपणीच दुखावली. रेंगी, म्हणजे बैलांची गाडी, नाल्यात उलटली आणि ते चाकावर पडले. मोहाच्या बियांच्या तेलाने शेकून, पाठीशी फळी बांधून ते महिन्याभरात उठले, पण दुखणं जन्माचं राहिलं. नोकरी सुटली तर घर चालणार नाही. लोक म्हणाले, आता तट्टू विका आणि रेंगीतच बसत जा. त्यांनी उलट केलं. रेंगीच्या लोखंडी धावेच्या चाकांना कमानी नसतात. दगडावरून चाक उतरलं की सगळा दणका बैठकीतून थेट मणक्यात. तट्टाचे चार पाय तो दणका आधीच पिऊन टाकतात. मात्र तट्टू कोणतं, त्याच्यावर काय कसायचं आणि वर कसं बसायचं, या तिन्ही गोष्टी त्यांना नव्याने ठरवाव्या लागल्या. त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे ज्ञान मी बरीच वर्षं केवळ घरची आठवण म्हणून जपलं होतं.

मग नागपूरच्या भाचीचा फोन आला. संगणकासमोरची नोकरी, खालच्या दोन मणक्यांमधली चकती सरकलेली, त्यात घोडेस्वारीचं वेड. डॉक्टरांनी बऱ्याच महिन्यांनी परवानगी दिली होती, पण हळूहळू, आणि पायात मुंग्या आल्या तर ताबडतोब बंद या अटीवर. “आत्या, मऊ खोगीर घेऊ का? जेल भरलेलं मिळतं,” तिने विचारलं. मी तिला म्हटलं, मऊपणा सगळ्यात शेवटी बघ. आणि मग मला पुस्तकं काढावीशी वाटली, कारण हा प्रश्न माणूस घोड्यावर बसायला लागल्यापासून विचारत आला आहे.

रिकीब नव्हती तेव्हाचा काळ बघा. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या हवा-पाण्याविषयीच्या ग्रीक ग्रंथात शक स्वारांच्या सांध्यांच्या आणि नितंबांच्या दुखण्याचं वर्णन आहे, आणि कारण दिलं आहे ते सतत घोड्यावर राहणं, पाय अधांतरी लोंबत ठेवून. इ.स.पू. चौथ्या शतकातला झेनोफन स्वतः घोडदळातला माणूस. त्याने लिहिलं की घोड्यावर खुर्चीत बसल्यासारखं बसू नये. पाय फाकवून ताठ उभं राहावं तशी बैठक हवी. घोडा निवडताना कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेली, दुहेरी पाठ बघावी, ती बसायला मऊ असते, असंही तो सांगतो. तेवीसशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजच्या फिजिओथेरपिस्टने द्यावा इतका नेमका आहे. खुर्चीसारखं बसलं की गुडघे पुढे जातात, ओटीपोटाची हाडं मागे कलतात, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि प्रत्येक पावलाचा भार चकतीवर येतो. कान, खांदा, नितंब आणि टाच एका ओळंब्यात राहिली तर तोच भार मांड्या, गुडघे आणि घोटे वाटून घेतात.

रिकीब आल्यावर हे वाटून घेणं सोपं झालं. सांचीच्या शिल्पांत स्वाराच्या पायाच्या अंगठ्यापुरता दोरीचा फास दिसतो, तो रिकिबीचा फार जुना पूर्वज मानतात. पूर्ण पावलाच्या, जोडीने लटकणाऱ्या रिकिबी चीनमध्ये चौथ्या शतकात दिसू लागतात. उंच स्वाराला लांब आणि बुटक्याला आखूड पट्टा एवढाच हा हिशेब नाही. पट्टा फार लांब ठेवला की आधार जातो आणि स्वार पुन्हा शकांसारखा लोंबकळतो. फार आखूड ठेवला की गुडघा वर येऊन खुर्ची तयार होते. शर्यतीचे जॉकी पट्टा अगदी आखूड करतात ते बसण्यासाठी नव्हे, सगळा वेळ खोगिरापासून अधांतरी राहण्यासाठी, आणि त्याला मांड्या-पाठीची ताकद लागते. ती दुखऱ्या कमरेला झेपत नाही.

आपल्या मराठी स्वाराकडे येते. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासदाने दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय तलवारीच्या बरोबरीने धरलेली आहे. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या तळावरच्या अंमलदारांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळून टाकाल तर पुढे घोडी मरतील, आणि कुणब्याच्या घरचं उचलू लागाल तर ते अधिकच वाईट, असा त्यातला मजकूर आहे. हे पत्र आपण रयतेच्या काळजीसाठी वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण उपाशी घोड्याच्या पाठीवरचं मांस आधी उतरतं, खोगीर कण्यावर टेकू लागतं आणि मग पाठ लागते. दाण्याचा हिशेब हा घोड्याच्या पाठीचाही हिशेब असतो, आणि म्हणून त्यावर बसणाऱ्याच्या पाठीचाही.

मराठ्यांची मुख्य भिस्त भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर होती. बुटकी, काटक, थोडक्या वैरणीवर चालणारी जनावरं. त्यांच्यावर कापूस-लोकर भरलेलं, जाड नमद्यावर कसलेलं खोगीर. हलकं, घरच्या घरी दुरुस्त होणारं, आणि बसायला ऊबदार. त्याच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हव्यात. लाकडी सांगाडा असलेल्या जिनात मधून कण्यापुरती मोकळी खाच असते आणि भार दोन्ही बाजूंच्या मांसल पट्ट्यांवर जातो. भरतीच्या खोगिरात भरती दबली की ती खाच बुजते. स्वार हलका आणि चपळ असेल, भरती वरचेवर नवी होत असेल, तर काही बिघडत नाही. वजनदार माणूस दिवसभर रिकिबीवर भार देऊन बसला तर पट्ट्याच्या जागेखाली घोड्याची पाठ चेपते. युरोप-अमेरिकेतल्या लष्करांनी एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न लाकूड आणि पोलाद वापरून सोडवायचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन जिनात तर मधली फट आरपार उघडीच ठेवली होती.

पाठ दुखणारा घोडा काय करतो? तो पाठ ताठ धरतो. पाऊल आखूड टाकतो, पोट आवळतो, आणि त्याच्या पाठीचा नैसर्गिक लवचिक डोल नाहीसा होतो. वर बसलेल्याला प्रत्येक पाऊल फळीवर बसल्यासारखं लागतं. स्वार आखडला की घोडा आणखी आखडतो. आबाजी हे ओळखून होते. तट्टू विकत घेताना ते आधी खोगीर उतरवायला लावत आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके शोधत. गडद रंगाच्या जनावराच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढरे केस उगवले असतील तर तिथे कधीतरी जखम होऊन गेलेली असते. दौऱ्यावरून परतल्यावर खोगीर काढलं की घामाचा डाग बघायचे. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मध्येच कोरडा तुकडा राहिला तर तिथे दाब जास्त पडतो आहे. मग रात्री कंदिलाजवळ बसून सुया-दोऱ्याने तेवढ्या जागची भरती उसवून पसरवायची. त्यांच्या स्वतःच्या कमरेला त्या वेळी कळ येत असायची.

चालीविषयी ते फारच काटेकोर होते. दुडकीत घोड्याचे तिरपे दोन पाय एकदम पडतात, मग क्षणभर चारही पाय हवेत, मग दुसरे तिरपे दोन. त्या हवेतल्या क्षणामुळे स्वार दर पावलाला वर फेकला जाऊन खाली आदळतो. रवाल चालीत एका बाजूचे पाय मागोमाग पडतात, एखादा पाय जमिनीवर असतोच, आणि पाठ वरखाली न होता पुढे वाहत जाते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत ही चाल उपजत सापडते, तट्टांत क्वचित. जगात जिथे जिथे माणसांना दूरवर घोड्यावरून जावं लागलं तिथे अशी मऊ चाल असणारी जात जपलेली दिसते. आइसलँडच्या लहानग्या घोड्यांची टोल्ट चाल तशीच. आबाजी बाजारात विकणाऱ्यालाच तट्टावर बसवून पळवायला सांगत आणि नजर तट्टावर न ठेवता त्या माणसाच्या फेट्याच्या शेमल्यावर ठेवत. शेमला उडाला की सौदा संपला.

रवाल चालीचं जनावर दर वेळी मिळत नसे. तेव्हा ते दुडकीत उठबस करत, एका पावलाला रिकिबीवर किंचित उठायचं, दुसऱ्याला टेकायचं. ही रीत त्यांनी दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबांची बघून उचलली. युरोपात गाडी ओढणाऱ्या घोड्यावरच बसून गाडी हाकणाऱ्या स्वारांनी ती आधी रूढ केली. दिवसभर दुडकीत जायचं तर त्यांना दुसरा इलाज नव्हता. घोडदळांनी ती बऱ्याच उशिरा स्वीकारली, कारण शिस्तीत ताठ बसून दणके खाणं शोभिवंत दिसे. मला याचा राग येतो. किती तरुण शिपायांच्या कमरा त्या शोभेत गेल्या असतील.

शोभेपायी सगळ्यात जास्त सोसलं ते युरोपीय बायकांनी. दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायचं, त्यासाठी खास एकांगी जीन. नितंब एका दिशेला, खांदे दुसऱ्या दिशेला वळवलेले, आणि कणा त्या पिळात तासन्‌तास. १८३५ मध्ये फत्तेगडला फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई ग्वाल्हेरहून परागंदा झालेल्या बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली. बायजाबाई कागलकर घाटग्यांच्या घरातल्या, स्वतः उत्तम घोडेस्वार. त्यांच्या भोवतीच्या मराठी बायका लुगड्याचा कासोटा घालून पुरुषांसारख्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसत. पार्क्सबाईंचं एकांगी जीन बघून त्यांना फार नवल वाटलं. एवढं वाकडं कशासाठी बसायचं हे त्यांना कळेना. मग पार्क्सबाई मराठी पोशाख करून मराठी पद्धतीने घोड्यावर बसली आणि तिला ते इतकं भक्कम वाटलं की तिने आपल्या प्रवासवर्णनात मोकळ्या मनाने तसं लिहून ठेवलं. ते पुस्तक १८५० साली छापलं गेलं. त्यानंतरही पन्नास-साठ वर्षं इंग्रज बायका वाकड्याच बसत राहिल्या. कासोट्याने आपल्या बायकांच्या मणक्यांवर केवढे उपकार केले आहेत, याचा विचार आपण फारसा करत नाही.

शिंद्यांचं नाव निघालं म्हणून महादजींविषयीही सांगते. पानिपतावरून १७६१ मध्ये निसटताना एका अफगाण स्वाराने त्यांचा लांबवर पाठलाग केला आणि कुऱ्हाडीच्या घावाने त्यांचा पाय जन्माचा अधू केला. राणेखान नावाच्या भिश्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून वाचवलं. पुढची तेहतीस वर्षं, १७९४ मध्ये वानवडीला देह ठेवीपर्यंत, या लंगड्या माणसाने उत्तर हिंदुस्थानचं राजकारण चालवलं. राणेखानाला त्यांनी भावासारखं वागवलं. अधू शरीराने मोहिमेवर राहायचं तर जनावर, साज आणि सोबतचा माणूस यांत रोज काय काय जुळवावं लागलं असेल, हे बखरी सांगत नाहीत. आबाजींना जवळून पाहिल्यामुळे मला त्याची थोडी कल्पना येते.

कमरेला पट्टा बांधणं हीसुद्धा जुनी विद्या आहे. मराठी स्वार कमरेला लांब शेला घट्ट गुंडाळत. मार्को पोलोने कुबलाईखानाच्या जासुदांविषयी लिहिलं आहे की लांबच्या दौडीआधी ते पोट, छाती आणि डोकं कापडाने आवळून बांधत. आबाजी आजीचं जुनं लुगडं उभं चौपदरी करून बांधायचे, पण दौऱ्यापुरतंच. घरी आले की सोडायचे आणि विहिरीवर पाणी शेंदायला जायचे. “बांधून ठेवलेली कंबर आळशी होते, बाई,” ते म्हणत. भाचीच्या डॉक्टरांनीही तिला हेच सांगितलं, पट्टा थोडा वेळ आणि व्यायाम रोज.

भाचीला मी आणखी एक नाव सांगितलं, लिस हार्टेल. डेन्मार्कच्या या बाईला गरोदरपणात पोलिओ झाला, गुडघ्याखालचे पाय निकामी झाले, घोड्यावर बसताना-उतरताना मदत लागे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात तिने रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ मध्ये पुन्हा. पायांनी देता येत नव्हती ती सूचना बैठकीतून आणि वजनातून ओळखायला तिने घोड्याला शिकवलं. हार्टेलनंतर युरोपात उपचार म्हणून घोड्यावर बसवण्याचे प्रयत्न वाढले, आणि त्यात संथ पावलाची चालच वापरतात, कारण घोडा चालताना स्वाराच्या ओटीपोटाला जो झोका मिळतो तो माणसाच्या स्वतःच्या चालण्यासारखा असतो.

मी नागपूरला गेले तेव्हा आम्ही दोघींनी तिच्या तबेल्यातली जिनं एकेक करून पाहिली. ती ज्यावर बसत होती ते रुंद, भरगच्च, दिसायला फार आरामशीर होतं. पण त्याच्या रुंदीमुळे तिच्या मांड्या ताणल्या जात. अर्ध्या तासात कळ. शिवाय बैठकीचा खोलगट भाग मागे सरकलेला होता, त्यामुळे ती आपोआप खुर्चीत बसल्यासारखी बसे. घोडीवरून जीन उतरवलं तेव्हा घामाच्या डागात मानेच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कोरडे ठिपके होते. सांगाडा घोडीला अरुंद आणि बैठक मुलीला रुंद. तबेलेवाल्यांना आम्ही ते दाखवलं. त्यांनी आधी मान्य केलं नाही, मग दुसऱ्या घोडीचं जीन आणून दिलं. ते दिसायला साधं, बैठकीला कमी भरलेलं, पण मध्ये अरुंद आणि खाली सांगाडा रुंद. पट्टे दोन भोकं उतरवले. त्या दिवशी ती फक्त पावलाने चालली, दुडकी नाहीच. उतरली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला नव्हता.

राहिलं ते चढण्याचं. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून अंग वर ओढताना स्वाराची कंबर पिळवटते आणि जीन एका बाजूला खेचलं जाऊन घोडीचीही. प्लुटार्कने लिहिलं आहे की रोममध्ये गायस ग्रॅकसने रस्ते बांधताना कडेने थोड्या थोड्या अंतरावर दगड बसवले होते, स्वारांना कुणाच्या मदतीशिवाय घोड्यावर चढता यावं म्हणून. आबाजी आमच्या अंगणाच्या ओट्यावरून चढत, आणि गावोगाव पाटलाच्या किंवा देवळाच्या ओट्याशी तट्टू उभं करत. नागपूरच्या तबेल्यात असा ओटा नव्हता. भाचीने गवंडी बोलावून स्वतःच्या पैशाने तीन पायऱ्यांचा बांधून घेतला. आता तिथे येणारे सगळेच त्यावरून चढतात, ज्यांची पाठ कधी दुखली नाही तेसुद्धा.